देणाऱ्याची उरलेली किडनी

आईची डावी किडनी काढतात आणि मुलाच्या पोटात उजवीकडे, जांघेच्या वर बसवतात. डावी घेण्याचं कारण साधं आहे: तिची शीर लांब असते, जोडायला सोपी जाते. मुलाच्या स्वतःच्या निकामी किडन्या सहसा काढत नाहीत, त्या जागच्या जागी आकसत राहतात. म्हणजे ऑपरेशननंतर मुलाच्या पोटात तीन किडन्या आणि आईच्या पोटात एक. तिथून मुलाची फाइल जाड होत जाते. पहिला आठवडा रोज क्रिएटिनिन (किडनी किती गाळते ते सांगणारी रक्ताची चाचणी), मग महिनाभर आठवड्यातून दोन-तीनदा, पुढे आठवड्याला, पंधरवड्याला, महिन्याला आणि वर्षानंतर दर दोन-तीन महिन्यांनी. आईची फाइल बहुतेक ठिकाणी जखम भरली की बंद होते. फार तर तीन महिन्यांनी एकदा बोलावतात. त्यानंतर ती दवाखान्यात येते ती मुलाच्या सोबतीला, बाकावर बसायला.

एकाच शरीरात वाढलेल्या या दोन किडन्या आता दोन शरीरांत एकेकट्या काम करतात. दोघींवरचा भार वाढलेला आहे आणि दोघींचं पुढच्या वीस-तीस वर्षांत काय होईल याचे नियम बरेचसे सारखे आहेत. तरी एकीवर पहारा आणि दुसरी वाऱ्यावर. दात्याची दरवर्षी तपासणी ही रुग्णालयाची आणि सरकारची जबाबदारी असली पाहिजे, दात्याच्या समजूतदारपणावर ती सोडता येणार नाही, असं माझं म्हणणं आहे. आणि ही तपासणी ग्राहीच्या, म्हणजे किडनी मिळालेल्याच्या, फाइलला जोडूनच व्हावी.

आधी उरलेल्या किडनीत काय घडतं ते पाहू. एका किडनीत सरासरी दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे सूक्ष्म गाळण्या असतात. माणसामाणसांत हा आकडा दोन-तीन लाखांपासून वीस लाखांपर्यंत बदलतो. जन्मानंतर नवा नेफ्रॉन तयार होत नाही. एक किडनी काढली की गाळण्याचा वेग, ज्याला जीएफआर म्हणतात, त्या दिवशी निम्म्यावर येतो. मग उरलेली किडनी फुगते, तिच्यातून जास्त रक्त वाहू लागतं, प्रत्येक गाळणी जास्त गाळू लागते आणि काही महिन्यांत एकूण वेग आधीच्या ६० ते ७० टक्क्यांवर स्थिरावतो. ‘एक किडनी दोघींचं काम करते’ हे दवाखान्यातलं वाक्य थोडं वाढवून सांगितलेलं असतं. ती सव्वापट ते फार तर दीडपट काम करते. निरोगी माणसाला तेवढं पुरतं, बहुतेकांना जन्मभर पुरतं. पण गाळणीच्या आतला दाब वाढलेला राहतो, आणि त्यावर रक्तदाब, मधुमेह किंवा लठ्ठपणाची भर पडली तर राखीव गाळण्या नसतात. दोन किडन्या असलेल्या माणसाला हाच मधुमेह पंधरा वर्षांत जिथे नेईल, तिथे दाता आधीच अर्धी वाट चालून उभा असतो.

आता तो फसवा आकडा, क्रिएटिनिन. समजा ४५ वर्षांची, ४८ किलोची बाई. किडनी देण्याआधी तिचं क्रिएटिनिन ०.७ होतं. सध्या वापरात असलेल्या सूत्राने तिचा जीएफआर १०८ च्या घरात येतो. ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन १.१. प्रयोगशाळेच्या कागदावर पुढे ‘०.६ ते १.२’ असं छापलेलं असतं, आकडा ठळक होत नाही आणि घरचे म्हणतात, नॉर्मल आहे. त्याच १.१ ला तिचा जीएफआर ६३ असतो. त्याच वयाच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.१ असेल तर त्याचा ८४ भरतो. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, आणि आपल्याकडच्या सडपातळ बाईचे स्नायू बेताचेच. म्हणून तिची किडनी बरीच खालावली तरी कागद गप्प बसतो. ६० व्या वर्षी तिचं क्रिएटिनिन १.३ झालं तर जीएफआर ४७ वर आलेला असेल, आणि एखादा डॉक्टर तेव्हाही ‘थोडंसं बॉर्डरवर आहे’ म्हणून सोडून देईल. दात्याच्या बाबतीत छापील पट्टा बघायचाच नाही, तिचा स्वतःचा सहाव्या महिन्यातला आकडा बघायचा.

याची उलट बाजूही तितकीच त्रासाची आहे. कागदावर ‘ईजीएफआर (सूत्राने काढलेला अंदाजे जीएफआर) ५८, किडनी विकार टप्पा ३’ असं संगणक आपोआप छापतो. दात्याचं १० वर्षांपूर्वी ६० असलेलं आज ५८ असेल तर तो आजार नव्हे, एका किडनीचं अंकगणित आहे. पण हा कागद विमा एजंटच्या किंवा नोकरीतल्या वैद्यकीय तपासणीच्या टेबलावर गेला की निरोगी माणूस रुग्ण ठरतो. दोन्ही चुकांचं मूळ एकच: मूळचा आकडा कुठेच लिहून ठेवलेला नसतो.

घसरणीच्या वेगाबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना सांगितली जाते. दोन किडन्या असलेल्या माणसाचा जीएफआर चाळिशीनंतर वर्षाला साधारण एकाने खाली येतो. दात्याचा मात्र पहिली काही वर्षं खाली यायला नको. उरलेली किडनी अजून जुळवून घेत असते, त्यामुळे तो स्थिर राहतो किंवा किंचित वर सरकतो. म्हणून तिसऱ्या वर्षीच तो सतत उतरताना दिसला तर ते वयाच्या खात्यावर टाकून चालत नाही. पण तिसऱ्या वर्षी मोजणार कोण?

‘दात्याला किडनी निकामी होण्याचा धोका सर्वसाधारण माणसापेक्षाही कमी असतो’ हे वाक्य समुपदेशनात सर्रास वापरलं जातं. त्याला आधार आहे. मिनेसोटातल्या ३,६९८ दात्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ११ जणांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या, सर्वसाधारण लोकसंख्येतल्या दरापेक्षा कमी. पण सर्वसाधारण लोकसंख्येत मधुमेही असतात, रक्तदाबवाले असतात, लघवीतून प्रथिनं जाणारेही असतात. दाता या सगळ्या चाळण्यांतून पार झालेला असतो. त्याची तुलना त्याच्याइतक्याच निरोगी, पण किडनी न दिलेल्या माणसाशी व्हायला हवी. ती २०१४ मध्ये झाली. अमेरिकेतल्या ९६,२१७ दात्यांमध्ये पंधरा वर्षांत किडनी निकामी होण्याचं प्रमाण दहा हजारांत सुमारे ३१ निघालं, तितक्याच निरोगी न दिलेल्यांत सुमारे ४. न तपासलेल्या सर्वसाधारण लोकांत जन्मभराचा अंदाज दहा हजारांत ३२६, दात्यांत ९०. त्याच सुमारास नॉर्वेतल्या १,९०१ दात्यांच्या अभ्यासातही सापेक्ष धोका कित्येक पटींनी वाढलेला दिसला, आणि तिथे प्रत्यक्षात निकामी झालेल्या दात्यांची संख्या होती ९.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. दहा हजारांत ३१ म्हणजे ९,९६९ जणांची किडनी पंधरा वर्षांत निकामी झाली नाही. मुलाला डायलिसिसवरून उठवायला निघालेली आई या आकड्याने मागे फिरणार नाही, फिरूही नये. पण ‘काही फरक पडत नाही’ आणि ‘थोडा फरक पडतो, म्हणून दरवर्षी बघू’ या दोन वाक्यांत मोठं अंतर आहे. दुसरं खरं आहे, आणि त्यातल्या ‘म्हणून’पुढचं आपण करत नाही.

या दात्यांच्या किडन्या जातात कशाने, तेही पाहण्यासारखं आहे. पहिल्या दहा वर्षांत गेल्या तर बहुधा गाळण्यांच्याच दाहाने, आणि भाऊ-बहीण असतील तर घराण्यात चालत आलेल्या त्याच आजाराने. उशिरा गेल्या तर रक्तदाबाने आणि मधुमेहाने. उशिराचे हे दोन्ही आजार वेळेवर सापडले तर आवरता येतात. रक्तदाबाला दुखणं नसतं, लघवीतल्या प्रथिनांना तर नसतंच. सूज येईपर्यंत थांबलं की हातातून बरंच गेलेलं असतं.

वयाच्या बाबतीत लोकांचा, आणि काही डॉक्टरांचाही, अंदाज उलटा असतो. तरुण बहिणीची किडनी ‘ताजी’, म्हणून ती चांगली दाती असं मानतात. ग्राहीच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. देणाऱ्याच्या दृष्टीने पाहिलं तर पंचावन्न वर्षांच्या आईला मधुमेह किंवा रक्तदाब व्हायचा असता तर तो बऱ्याच अंशी दिसून गेला असता. तेविसाव्या वर्षी सगळे रिपोर्ट नॉर्मल असणं फारसं काही सांगत नाही, कारण आजारांना यायला अजून तीस वर्षं आहेत आणि उरलेल्या किडनीला साठ काढायची आहेत. त्यात ती बाई असेल तर बाळंतपणही पुढे आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या अभ्यासात दात्या स्त्रियांच्या ११ टक्के गर्भारपणांत रक्तदाब वाढला किंवा प्रीएक्लॅम्प्सिया (वाढलेल्या रक्तदाबासोबत लघवीतून प्रथिनं जाण्याचा गर्भारपणातला आजार) झाला, इतर निरोगी स्त्रियांत ५ टक्के. बहुतेकींची बाळंतपणं नीट झाली. पण गावाकडच्या दवाखान्यात नाव घालताना ‘मी किडनी दिली आहे’ हे पहिल्याच भेटीत सांगायचं आणि रक्तदाब सुरुवातीपासून मोजायचा, एवढं तरी तिला कुणी सांगितलेलं असावं. आपल्याकडे जिवंत दात्यांत बायका पुरुषांपेक्षा जास्त आहेत आणि किडनी मिळालेल्यांत पुरुष जास्त. तेव्हा तपासणी कुणाची होते आणि कुणाची राहते, हा प्रश्न घराघरातल्या ताटवाटीच्या प्रश्नाहून फार वेगळा नाही.

वरचे सगळे अभ्यास अमेरिकेतले, नॉर्वेतले, कॅनडातले आहेत. ते आपल्याला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, आणि याचा एक पुरावा पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केला. तिथल्या पूर्ण दिवसांच्या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीनच्या आसपास. बाळं बारीक, पण त्या मानाने चरबी टिकवून असलेली. हा अभ्यास मधुमेहाच्या मुळांचा. पण जन्मवजन कमी असलं की नेफ्रॉनही कमी असतात, हे किडनीच्या अभ्यासकांना वेगळं सांगावं लागत नाही. कमी भांडवलावर सुरू झालेलं शरीर, त्यातली एक किडनी दिलेली, आणि पुढे मधुमेह होण्याची शक्यता युरोपियन माणसापेक्षा जास्त. नॉर्वेचा दाता आणि पुणे जिल्ह्यातल्या मंचरचा दाता यांना एकच आकडा सांगणं म्हणूनच धाडसाचं आहे. आपला आकडा काढायचा तर आपले दाते वीस वर्षं मोजावे लागतील.

आता दुसऱ्या किडनीकडे, मुलाच्या पोटातल्या. तिच्यावर पहारा आहे हे खरं, पण तो कुठे गाफील राहतो तेही सांगायला हवं, कारण जुन्या ग्राहींच्या बाबतीत नेमकं तेच घडतं. पहिलं वर्ष बहुतेक सगळ्या बसवलेल्या किडन्या पार करतात. प्रश्न असतो पाचव्या, दहाव्या वर्षाचा. ४८ किलोच्या आईची किडनी ८० किलोच्या मुलाला गाळायला लागते, तेव्हा तिच्या गाळण्यांवरचा दाब आईच्या पोटात राहिलेल्या किडनीपेक्षाही जास्त असतो. शिवाय टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून रोज घ्यायची गोळी. हे औषध कमी पडलं तर शरीर त्या किडनीविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि ती वर्षानुवर्षं हळूहळू कुरतडतात. जास्त झालं तर किडनीतल्या बारीक धमन्या आवळल्या जातात, त्यांच्या भिंती जाड होतात, मधल्या जागेत तंतू वाढतात. म्हणून वर्षभरानंतर रक्तातली पातळी साधारण ५ ते ८ नॅनोग्रॅममध्ये ठेवतात, आणि ती मोजायची सकाळची गोळी घेण्याआधी, आदल्या गोळीला बारा तास झाल्यावर.

इथे होणारी चूक फार साधी आहे. माणूस सकाळी सातला उठतो, सवयीने गोळी घेतो, बस पकडतो आणि दहाला रक्त देतो. पातळी १६ येते. डॉक्टर डोस कमी करतो. खरी पातळी आधीच ५ होती, आता ३ होते. दोन-तीन महिन्यांनी क्रिएटिनिन १.२ चं १.६ होतं आणि बायोप्सीत (किडनीचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीत) शरीर किडनी नाकारत असल्याचं सापडतं. प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर ‘शेवटची गोळी किती वाजता घेतली?’ एवढी एक ओळ छापली आणि तिचं उत्तर आल्याशिवाय नळी घेतली नाही, तर हे टळतं. जुलाब लागले तर पातळी चढते. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल, डिल्टियाझेम या दुसऱ्या औषधांनी चढते. क्षयरोगावरच्या रिफॅम्पिसिनने ती धाडकन खाली येते, आणि क्षयरोग आपल्याकडे काही दुर्मीळ नाही. केमिस्टने स्वस्त म्हणून कंपनी बदलून दिली तर पुन्हा पातळी बघायची असते, ती बघितली जात नाही. मूळचा आजारही परततो. १९५४ मध्ये बोस्टनला झालेल्या पहिल्या यशस्वी प्रत्यारोपणात किडनी जुळ्या भावाची होती, शरीराने ती नाकारण्याचा प्रश्नच नव्हता. तरी आठ वर्षांनी ग्राही गेला, कारण त्याचा जुना आजार नव्या किडनीत उतरला होता.

ग्राहीची किडनी गेली तर निदान कळतं तरी. पुन्हा डायलिसिस, पुन्हा प्रतीक्षायादी. दात्याचं उतरत जाणं कुणाच्याच यादीत नाही.

कायदा काय म्हणतो? मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा. महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश या राज्यांत तो सर्वांत आधी, १९९५ च्या फेब्रुवारीत लागू झाला. त्यामागे किडनीचा बाजार रोखण्याची निकड होती, आणि म्हणून त्याचा सगळा जीव ऑपरेशनच्या आधीच्या दिवसांत आहे: नातं कोणतं, पैसे दिले का, संमती खरी का. जवळचा नातेवाईक नसेल तर प्राधिकार समितीपुढे उभं राहावं लागतं. हे सगळं हवंच आहे. २०११ च्या दुरुस्तीने दाते आणि ग्राही दोघांचीही राष्ट्रीय नोंदवही ठेवण्याची जबाबदारी केंद्र सरकारवर टाकली. म्हणजे दाता मोजण्याजोगा आहे हे संसदेने मान्य केलेलं आहे. अवयव देणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला २०२३ पासून ४२ दिवसांपर्यंत विशेष रजा मिळते. राज्यात महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेली गेली. राष्ट्रीय वाटप धोरणात पूर्वी किडनी दिलेल्या माणसाला पुढे स्वतःला गरज पडली तर जादा गुण आहेत. चांगलंच आहे. पण ते गुण मिळवायला आधी डायलिसिसवर पोचावं लागतं. त्रेचाळिसाव्या दिवसापासून तिथवरच्या वर्षांत दात्याचं कुणी काही मोजावं, अशी व्यवस्था नाही.

ती उभी करायला यंत्रं लागत नाहीत. वर्षातून एकदा वजन आणि रक्तदाब, क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला जीएफआर, लघवीतल्या अल्ब्युमिनचं (या प्रथिनाचं) क्रिएटिनिनशी गुणोत्तर, आणि उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर). जिवंत दात्यांबद्दलच्या २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही साधारण हेच आहे, आणि जन्मभर आहे. खासगी प्रयोगशाळेतही हे सगळं हजार-दीड हजारात होतं. सरकारी केंद्रांत महालॅब या राज्याच्या चाचणी-सेवेतून क्रिएटिनिन आणि साखर फुकट होते, अडतं ते अल्ब्युमिनच्या चाचणीपाशी, आणि दात्यासाठी तीच सर्वांत आधी बोलते. गुणोत्तर ३० च्या वर आलं तर तीन महिन्यांत पुन्हा दोनदा बघायचं, कारण ताप, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग किंवा आदल्या दिवशीची अंगमेहनतही ते वाढवते. पुन्हा तसंच आलं किंवा रक्तदाब १४० वर ९० च्या पुढे राहिला, तर किडनीतज्ज्ञाकडे. एरवी घरी.

दिवस कोणता? ग्राहीच्या वार्षिक तपासणीचाच. बाकावर बसलेल्या आईचा दंड पट्ट्यात अडकवायला किती वेळ लागतो? दोघांची फाइल एक, क्रमांक एक, आणि वर्षाचा अहवाल नोंदवहीत पाठवल्याशिवाय रुग्णालयाच्या प्रत्यारोपण परवान्याचं नूतनीकरण नाही. ग्राही वारला, परगावी गेला, किंवा दोघांत बोलणं उरलं नाही (तसंही होतं), तर दात्याची तपासणी त्याच्या जवळच्या आरोग्य केंद्रात व्हावी आणि रुग्णालयाने ती फोन करून मागवावी.

यावर प्रत्यारोपण करणाऱ्यांचा आक्षेप असतो की दाते घाबरतील. घाबरवणारी गोष्ट तपासणी नाही. दहा वर्षं कुणी विचारलं नाही आणि अकराव्या वर्षी पाय सुजले, ही गोष्ट गावात पसरली की मात्र पुढचे चार दाते नक्की मागे हटतात. निरोगी माणसाला रुग्ण बनवू नका, हा दुसरा आक्षेप मला जास्त वजनाचा वाटतो. दात्याला पथ्याची यादी, रोज चार लिटर पाणी, प्रथिनं बंद, जड काम कायमचं बंद, असं काहीही लागत नाही. साधारण दोन महिन्यांनी तो शेतात जाऊ शकतो. त्याला टाळायच्या आहेत त्या मोजक्या गोष्टी: गुडघेदुखीवर महिनोन्‌महिने घेतलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या, ओळखीच्याने दिलेली बिननावाची भस्मं, तंबाखू, आणि वाढतं पोट.

आणि त्याच्या खिशात एक कार्ड हवं, रेशनकार्डाइतकंच जपून ठेवायचं. कोणती किडनी दिली, कधी दिली, देण्याआधीचं क्रिएटिनिन आणि जीएफआर, सहाव्या महिन्याचं क्रिएटिनिन आणि जीएफआर, तेव्हाचा रक्तदाब, तेव्हाचं अल्ब्युमिन. खाली तीस रिकाम्या ओळी, वर्षाला एक.